सोबतीला कोण?

उन्हात तापलेल्या बसच्या रेक्झिनचा वास आला की मला नव्वदच्या दशकातली पांडेसऱ्याच्या कामगार वस्तीतली आमची मराठी शाळा आठवते. मी सातवीत होते. मुलींचं सापुताऱ्याला मुक्कामाचं शिबिर ठरलं होतं आणि बस देणारा ट्रॅव्हल्सवाला स्वतः सोबत येणार होता. पालकसभेत तो गोड हसत आमच्या डोक्यांवरून हात फिरवत होता. माझी आई मागून उठली. "पोरीस्ना संगे कोन बाई शे?" तिने विचारलं. आमच्या बाई आजारी होत्या, म्हणून मुख्याध्यापकांनी ट्रॅव्हल्सवाल्याकडे पाहिलं. "चिंता ना करो बेन, मला त्यांचा काकाच समजा," ट्रॅव्हल्सवाला म्हणाला. "मंग काकीले बी लई या," आई म्हणाली. सगळे हसले, तो मात्र हसला नाही. "नाहीतर मी येते," आई म्हणाली, तसं तो घाईने म्हणाला, "बसमध्ये जागा नाही." आदल्याच दिवशी त्याने आम्हाला सांगितलं होतं, मागच्या सीटा रिकाम्या आहेत, मैत्रिणींनाही आणा. मी ते आईच्या कानात सांगितलं. निघायच्या सकाळी ती शेजारच्या दोघींना घेऊन आली आणि तिघी थेट पुढच्या सीटवर बसल्या. त्यांना पाहताच ट्रॅव्हल्सवाल्याला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कतारगामचं काहीतरी काम आठवलं आणि तो खाली उतरला. शिबिर छान झालं. त्याच्या मनात खरंच काही होतं का, हे मला आजही ठाऊक नाही. ते कळायची वेळच आईने येऊ दिली नाही.