ताईच्या दारातला रस्ता

त्याला सगळे दाबमामा म्हणत. खरं नाव मुकादमालाही आठवत नसे. उभं आयुष्य त्याने रोलरवर काढलं. रस्त्याला खड्डे पडले की जुन्यावरच खडी-डांबराचा नवा थर, वरून रोलर, झालं काम! सगळेच तसं करत. विचारतो कोण?

त्याची थोरली बहीण जुन्या गल्लीत एकटीच राहायची. नवरा गेलेला, मुलगा दूर. अलीकडे जरा पाऊस झाला की तिच्या घरात घोटाभर पाणी. दोन वर्षांपूर्वी दाबमामाने रस्त्यावरून खाली उतरून उंबरा ओलांडला, भिंतीवर दोन टिचक्या मारल्या आणि तज्ज्ञाच्या थाटात सांगून टाकलं, "ताई, घर खचतंय. खालची जमीन पोकळ आहे. मुलाकडे जा." भाऊ जन्मभर जमीन दाबत आलेला, त्याला कळणार नाही तर कुणाला? ताईने शेवटी ऐकलं. घराचा सौदा उद्या पुरा व्हायचा होता, आणि आज सामानाचा टेम्पो दारात.

नेमकं आजच गल्लीचं काम निघालं. नवी इंजिनीअर म्हणाली, "नवा थर टाकायचा नाही. आधी जुने सगळे काढा, मूळ पातळीपर्यंत. निघालेलं डांबर पुन्हा वापरू."

"बाई, रस्ता काय बटाटा आहे सोलायला?" दाबमामा म्हणाला. सगळे हसले. ती हसली नाही.

ताईच्या दाराला लागून डांबर खरवडायचं यंत्र जाईना, म्हणून कडेचं डांबर पहारीने फोडायला घेतलं. एक थर निघाला, त्याखाली दुसरा, तिसरा. मग पहार खणकन वाजली.

"मामा, दगड लागला!"

घडीव दगड होता. पायरी. तिच्याखाली आणखी एक, आणि तिच्याखालीही एक.

दाबमामाच्या तोंडचं पाणी पळालं. या घरात तो पायऱ्या चढून जायचा. चढून! रोलर दारात थांबवून तो उतरला की ताई चहा द्यायची. आधी पायरीवरून वाकून, पुढे पुढे हात वर करून. दर दोन-तीन वर्षांनी एक थर. कप घेताना हे कधी त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. घर तसूभर हललं नव्हतं.

ताई बोचकं घेऊन बाहेर आली. "अगं बाई! या कुठून आल्या?"

"तुझ्याच आहेत, ताई. घर नाही खचलं. रस्ता चढला. मीच चढवला."

ताई पायऱ्यांकडे बघत राहिली. तिने बोचकं खाली टाकलं.

"मेल्या, दोन वर्षं भिंतीला हात लावून झोपतेय मी. हलली तर कळावं म्हणून."

दाबमामा उकरलेल्या खडीवरच बसला.

टेम्पोवाल्याने हाक मारली, "आजी, कपाट चढवलं. आता काय आणू?"

"उतरव ते."

"आँ?"

"बहिरा आहेस का? जिथून काढलंस तिथेच ठेव. आणि घर घेणाऱ्याला मी आत्ताच सांगते, नाही विकायचं." मग ती भावाकडे वळली. "तू काय बसलास शुंभासारखा? ऊठ, धर दुसरं टोक."