अजिनाथचा मुका राक्षस

बाजाराच्या दिवशी अजिनाथ गडदे बोलायला लागला की माझ्या झेरॉक्सच्या दुकानात गिऱ्हाइकाला दोनदा विचारावं लागतं, किती कॉप्या म्हणून. बाजार माझ्या दुकानापासून चांगला लांब आहे, तरीसुद्धा. शेळ्या-मेंढ्यांची दलाली हा त्याचा धंदा. वडील जन्मभर कळपामागे हिंडले, पण हा कळपापेक्षा माणसांत जास्त रमला. विकणारा आणि घेणारा यांच्या मधे उभं राहून तो दोघांच्याही वतीनं बोलतो. एकदा त्याला बोकडाच्या वतीनंही बोलताना मी ऐकलंय. बोकड म्हणे जुन्या मालकावर नाराज होता आणि त्याला नवं गाव बघायचं होतं. गिऱ्हाईक पोट धरून हसलं आणि बोकड घेऊन गेलं.

मी सोमनाथ. घाटनांदूरच्या शाळेत आम्ही दोघं एका बाकावर होतो. त्याच्याबद्दल चार चांगले शब्द लिहायचे म्हणजे माझ्या जिवावर येतं, कारण तो दुकानात येऊन ते मोठ्यांदा वाचणार आणि वर्षभर मला ऐकवणार. पण पुण्यात जे झालं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सुरुवात केली मोहिनीनं. ही त्याच्या बहिणीची मुलगी, पुण्यात नोकरीला आहे. एका दिवाळीला ती पिशवीतून चित्रविचित्र फासे घेऊन आली आणि आम्हाला खेळ शिकवायला बसली. या खेळात टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात. एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे गोष्टीतलं एकेक पात्र होतात. सांगणारा म्हणतो, समोर नदी आहे, पूर आलाय, आता काय करता? मग ज्यानं त्यानं आपल्या पात्राचं सांगायचं. एखादी गोष्ट जमेल की नाही अशी शंका आली, तर वीस तोंडांचा फासा टाकायचा. मी विचारलं, यात जिंकतं कोण? मोहिनी म्हणाली, कुणीच नाही. मग माणसं कशाला डोकं पिकवतात, ते मला त्या दिवशी काही कळलं नाही.

अजिनाथला मात्र लगेच कळलं. पुढच्याच आठवड्यापासून माझ्या दुकानात संध्याकाळी टेबल लागायला लागलं. गिरणीवाला भागवत, मोबाइल दुरुस्तीवाला एक जण, मी आणि आणखी कुणी सापडेल तो. सांगणारा कायम अजिनाथ. राजा तोच, चोर तोच, चोराची म्हातारी आईही तोच. भागवत एकदा त्या म्हातारीला खरोखरच हात जोडून बसला होता. आजही तो ते कबूल करत नाही.

पुण्यात दरवर्षी या सगळ्या खेळांचं मोठं संमेलन भरतं. हॉलमध्ये शेकडो टेबलं असतात. त्यातल्या एका भागात हा गोष्टीचा खेळ शिस्तीनं चालतो. एकच लिहिलेली गोष्ट सगळ्या टेबलांवर एकाच वेळी खेळली जाते. सांगणाऱ्यांची आधी निवड होते, खेळणारे आधी नाव नोंदवतात आणि सगळ्यांवर एक पर्यवेक्षक असतो. भाषा बहुतेक इंग्रजी, थोडी हिंदी. मोहिनी दोन वर्षं आयोजकांच्या मागे लागली होती की एक टेबल मराठी ठेवा. शेवटी त्यांनी एक टेबल दिलं. चांगलं चाललं तर पुढच्या वर्षी वाढवू, मधेच मोडलं तर मराठीचा विषय संपला, असं स्पष्ट सांगूनच दिलं. आणि त्या एकुलत्या एक टेबलावर सांगायला तिनं स्वतःच्या मामाचं नाव घातलं.

गोष्ट अशी होती. मिठाच्या गाड्यांचा एक तांडा घाटातून चाललाय आणि वाटेत एक राक्षस जकात मागत बसलाय. त्याच्याशी लढायचं की तडजोड करायची हे खेळणाऱ्यांनी ठरवायचं. राक्षस काय मागेल, ते सांगणाऱ्याच्या मर्जीवर सोडलं होतं. अजिनाथनं महिनाभर राक्षसाचा आवाज घोटला. गिरणीत घोटला, बाजारात घोटला, माझ्या दुकानात तर रोजच. एक बाई आधार कार्डाची झेरॉक्स न घेताच निघून गेली.

निघायच्या आदल्या दिवशी बाजार होता. घसा जप, म्हणून मी बजावलं. "लोक वाट बघत आसतेत बे," म्हणून तो गेला आणि दिवसभर ओरडला. दुसऱ्या दिवशी एसटी मांजरसुंब्याला थांबली, तर गड्यानं थंडगार रबडीच्या दोन वाट्या रिचवल्या. पुढे पुण्यापर्यंत खिडकीची काच उघडी टाकून वाऱ्यात राक्षसाचा आवाज काढत बसला. कंडक्टरनं दोनदा मागं वळून बघितलं. सांगण्यात अर्थ नव्हता, पालथ्या घड्यावर पाणी.

सकाळी मोहिनीच्या खोलीवर अजिनाथ उठला, तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. सायकलच्या ट्यूबमधून जाते तशी. मिठाच्या गुळण्या झाल्या, हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध चघळून झालं. आवाज काही फुटला नाही. मोहिनी कॉटवर बसून त्याच्याकडे बघत राहिली.

"मामा, तुमी परवा बाजाराला गेलते का?"

अजिनाथनं मान हलवली. तिनं उठून फाशांची पिशवी खांद्याला लावली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. अजिनाथ तर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आमच्या ओळखीत पहिल्यांदाच तो बोलत नव्हता आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

हॉलमध्ये पोचलो तर सगळीकडे कलकलाट. आमच्या टेबलावर 'मराठी' अशी पाटी होती आणि भोवती सहा जण येऊन बसले होते. सत्यम नावाचा इंजिनिअरिंगचा एक पोरगा, दोन बहिणी, एक नवरा-बायको आणि मोहनराव नावाचे एक निवृत्त गृहस्थ. मुलानं नाव नोंदवलं म्हणून आलो, असं मोहनरावांनी बसता बसताच सांगितलं. मग मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर समोर ठेवलं. आमची काय परीक्षा होणार, ते मला तिथंच कळलं.

पर्यवेक्षक बाई आल्या. आवाज बसलेला सांगणारा चालणार नाही, राखीव माणूस बसवते, पण तो इंग्रजीत सांगेल, असं त्या हिंदीत म्हणाल्या. म्हणजे पाटी उतरणार. मोहिनी एकदम म्हणाली की वाचायला सोमनाथकाका आहेत. मला तिनं विचारलंसुद्धा नव्हतं. बाईंनी माझ्याकडे बघून जरा विचार केला. ठीक आहे म्हणाल्या, पण लोक उठायला लागले तर सगळ्यांना दुसऱ्या टेबलांवर बसवून हे टेबल बंद करीन.

मी वाचायला लागलो. माझा आवाज म्हणजे बँकेत टोकनचा नंबर पुकारतात तसा. तांडा निघाला, पाऊस आला, बैल थकले, सगळं मी एकाच सुरात वाचत गेलो. अजिनाथ शेजारी बसून हातवारे करत होता, बैल थकल्याचं तोंड करून दाखवत होता. पण माझ्या वाचण्यानं त्याचा बैलही मरगळला. पलीकडच्या टेबलावर हशा उसळला की दोघी बहिणी तिकडे बघायच्या. नवरा-बायको आपापसात कुजबुजायला लागले. सत्यमनं पाण्याची बाटली बॅगेत टाकून चेन लावली. मोहनराव घड्याळ बघत होते आणि तिकडून पर्यवेक्षक बाई आमच्या दिशेनं यायला निघाल्या होत्या. खांबाशी उभ्या असलेल्या मोहिनीकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

"घाटात वाटेवर एक राक्षस बसला आहे," मी वाचलं.

अजिनाथनं माझ्या हातातले कागद काढून घेतले आणि पालथे ठेवले. खुर्ची मागं सारली, पाय फाकवले, खांदे उचलले आणि जागच्या जागी दुप्पट झाला. मग खांद्यावरचा मोठा रुमाल, आमच्याकडची दस्ती, काढली, उजवा हात टेबलावर पुढं केला आणि दस्ती हातावर पसरून हात झाकून टाकला. भुवया वर करून एकेकाकडे बघत राहिला. कुणाला काही कळेना.

मला कळलं. आमच्याकडं बाजारात आरडाओरडा कितीही झाला, तरी जनावराचा आकडा चारचौघांत तोंडानं सांगत नाहीत. हातावर कापड टाकतात आणि खाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवतात. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, अख्खा पंजा म्हणजे पाच. वर बघणाऱ्याला नुसते दोघांचे चेहरे दिसतात. मी टेबलावरच्या लोकांना एवढं समजावलं आणि म्हटलं, राक्षस मुका आहे, ज्याला गाड्या पुढं न्यायच्यात त्यानं दस्तीखाली हात घालावा.

सत्यमनं बॅग खाली ठेवली आणि हात घातला. क्षणभरात त्याचे डोळे मोठे झाले. तीन गाड्या मीठ मागतोय, म्हणाला. मोठ्या बहिणीनं हात घातला, तर तिला एकच गाडी मागितली. धाकटीला पाच. आता मात्र टेबल जागं झालं. कोण खोटं बोलतंय यावरून जुंपली. सत्यमनं राक्षसाशी संधान बांधलंय, असा धाकटीला संशय आला. नवऱ्यानं दोन सांगितल्या आणि खुद्द बायकोनंच त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, तिनं स्वतः हात घातला तर चार निघाल्या. अजिनाथच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नव्हती. प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा भाव सांगून सगळ्यांना झुलवत ठेवायचं, हे तर त्याचं रोजचं काम. शेजारच्या टेबलांवरची पोरं उठून आमच्या मागं येऊन उभी राहिली. पर्यवेक्षक बाई आल्या त्या हाताची घडी घालून तिथंच थांबल्या.

शेवटी मोहनराव उरले. त्यांनी शर्टाची बाही दुमडली आणि हात घातला. हा गडी चिवट निघाला. भाव वर गेला, खाली आला, दस्ती हलत राहिली, मोहनरावांच्या कपाळावर आठ्या चढत गेल्या. मग दस्ती हलायची थांबली. मोहनरावांच्या आठ्या हळूहळू उतरल्या. ते अजिनाथकडे बघत राहिले आणि अजिनाथ त्यांच्याकडे.

"काय मागतोय?" सत्यमनं विचारलं.

मोहनरावांनी खाली दस्तीकडे बघितलं. मग म्हणाले, "काही मागत नाहीये. नुसता हात धरलाय. सोडत नाहीये."

मागची पोरं आणखी पुढं सरकली.

"एकटाच असेल हो हा इथं," मोहनराव म्हणाले. "दिवसभर कोण बोलणार याच्याशी?"

हे ते राक्षसाबद्दलच म्हणाले. पण मुलानं त्यांचं नाव का नोंदवलं असेल, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. धाकटी बहीण म्हणाली, मग याला बरोबरच घेऊ या की. तिनं इतकं सहज म्हटलं की सगळ्यांनी माना डोलावल्या. ऐकतोय का बघू म्हणून सत्यमनं फासा उचलला. अजिनाथनं तो त्याच्या हातातून घेऊन बाजूला ठेवला. इथं शंकाच नव्हती, फासा कशाला लागतो?

राक्षस उठला. अजिनाथनं दस्ती झटकून खांद्यावर टाकली आणि मिठाची न दिसणारी गाडी ओढत टेबलाभोवती एक फेरी मारली. मोहनराव ती मागून ढकलायला लागले. त्यांचं घड्याळ टेबलावरच राहिलं होतं. टाळ्या इतक्या वाजल्या की पलीकडच्या टेबलावरच्या सांगणाऱ्याला आपली गोष्ट थांबवावी लागली. मोहिनी हसत होती आणि ओढणीनं डोळे पुसत होती. मला आनंद झाला होता, उगाच कशाला लपवू.

राक्षसाला मारलं की जकात दिली, असं पर्यवेक्षक बाईंनी विचारलं. यातलं काहीच नाही, तो आमच्याबरोबर आला, असं मोहिनीनं सांगितलं. बाई हसल्या. बाकी सगळ्या टेबलांवर तो एकतर मेला होता नाहीतर मीठ खाऊन बसला होता. पुढच्या वर्षी मराठीची तीन टेबलं देते, म्हणाल्या, फक्त तीन सांगणारे नक्की करून कळवा.

आम्ही बाहेर टपरीवर चहा प्यायला आलो. मोहनरावही आले, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणाला ते खटकलंही नाही. तीन सांगणारे आणायचे कुठून, याची मोहिनीला काळजी पडली. अजिनाथनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मग मोहनरावांकडे बोट केलं. मोहनराव एकदम ताठ झाले आणि म्हणाले, घाटनांदूरला यायला गाडी कुठून मिळते, आधी हे सगळं नीट शिकवा मला. मग अजिनाथचं बोट माझ्याकडे वळलं.

मी साफ नाही म्हटलं. माझ्या आवाजानं माणसं उठून चालली होती, हे सगळ्या हॉलनं पाहिलंय, असल्या आवाजाचा माणूस काय गोष्ट सांगणार?

अजिनाथनं कप खाली ठेवला. मानेच्या शिरा ताणून, हापशाला पाणी यायच्या आधी येतो तसला कुरकुरता आवाज त्यानं काढला. त्या दिवसातले त्याचे पहिले शब्द.

"आवाजाचं काय घिऊन बसलास बे? आज माझा तरी व्हता का?"