साडूभाऊंचे हात

पृथ्वीतलावर कोणाचंही न ऐकणारा माणूस एकच, आणि तो नेमका थोरला साडू म्हणून माझ्या वाट्याला आला. आनंदनगरच्या कारखान्यात उभी हयात गेली, तिथे साहेबाचं ऐकलं नाही, मग गाडीचं काय ऐकणार? पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलाने हौसेने घेऊन दिलेली ही नवी गाडी आपली आपण लेन धरते, ब्रेक मारते आणि वर शुद्ध हिंदीत बोलते. ती उजवीकडे वळा म्हणाली की हे हटकून डावीकडे वळणार. कॅम्प पाचच्या गजबजलेल्या वस्तीत तिने "आगे भारी ट्रैफ़िक है" म्हटलं, तर हे खेकसले, "ट्रॅफिक नाही गं बाई, बाजार आहे तो!" आणि घातली की गाडी त्यात!

पण खरं भांडण हातांचं. वाटेत देऊळ दिसलं की साडूभाऊ स्टेअरिंग सोडून दोन्ही हात जोडतात. अंबरनाथ ते बदलापूर देवळं काय कमी आहेत? लगेच टुंग टुंग सुरू, "कृपया स्टीयरिंग पर हाथ रखें." हे म्हणतात, "देवाला काय एका हाताने सलाम ठोकू? गप बस!" ती कसली गप बसते! थेट मुलाच्या मोबाइलवर चहाडी करते. शेवटी मुलाने दम भरला, "बाबा, आणखी एकदा हात सोडलेत तर किल्ली मी घेऊन जाणार."

"नेऊ दे! हात जोडणारच," परवा मला पालेगावला घरी नेताना ते गरजले.

मीही वैतागलो. "अहो, जुन्या गाडीत कधी हात सोडला नाहीत. आत्ताच कुठली भक्ती उफाळली?"

त्यांनी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाले, "तेव्हा तुमची मेहुणी शेजारी असायची. म्हणायची, तुम्ही चाक धरा, तुमच्या वाटचा नमस्कार मी करते. ही बया बोलते सगळं, पण हिला हात कुठायत?"

मेहुणीला जाऊन अजून वर्षही झालेलं नाही. तेवढ्यात पालेगावच्या वेशीवरचं देऊळ दिसलं आणि साडूभाऊंचे हात सुटायला लागले. मी घाईघाईने माझे जोडले. "तुम्ही चाक धरा. तुमच्या वाटचा मी करतो."

"नीट करा," ते डाफरले. "ती डोळे मिटून करायची."

मी डोळे मिटले. टुंग काही वाजलं नाही. देऊळ मागे पडलं असणार, तरी मी डोळे उघडले नाहीत. शेजारी साडूभाऊ नाक ओढत होते, आणि ते मी पाहिलेलं त्यांना मुळीच खपलं नसतं.