भिंतीतला गाळ

मी संगप्पा, लातूरच्या कॉलेजात जीवशास्त्राच्या लॅबचा शिपाई. तवा लातूर नुकतंच जिल्हा झालतं, हापिसांच्या पाट्यांचा रंगबी ताजा होता, आन् पाणी म्हणाल तर टँकरचं. तेबी गढूळ.

त्या साली बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मुखेडकडची गुणा सोनकांबळे होती. बाकीची पोरं झुरळं चिरून मार्क घेत, हिला सोताचं संशोधन करायचं खूळ! गावच्या कोरड्या तळ्यातला गाळ पिशवीत घेऊन आली. म्हणाली, ह्यात बारीक जिवांची अंडी वर्षानुवर्षं पडून असतात, पाणी लागलं की फुटतात. शेषेराव सर कडक माणूस. सोमवारपर्यंत जीव दाखव, न्हाई तर झुरळ घे, म्हणाले.

हॉस्टेलात वाट्याला येणाऱ्या बादलीतलं पाणी राखून तिनं तीन बरण्यांत गाळ भिजवला. बुधवारी संध्याकाळी एका बरणीत दोन पांढरे ठिपके पोहताना दिसले. मला सांगताना पोरगी हरखून नुसती तोतरत होती. सर तवर घरी गेलते.

आता माझी अक्कल बघा. गढूळ पाणी दिसलं की तुरटी फिरवायची, ही दुष्काळातली आमची सवय. गुरुवारी सकाळी मी तिन्ही बरण्यांत तुरटी फिरवली. पाणी निवळलं, मी खूश. गुणा आली, भिंग लावून बघत राहिली. काहीच हलंना. मी आपणहून कबूल केलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं, पर ती नुसती खाली बसली. सोताच्याच थोबाडीत मारून घ्यावी वाटलं मला.

पिशवीत गाळ उरला नव्हता. चल, मीबी येतो म्हणालो आन् दुपारची एस्टी धरली. गावात बघतो तर काय, रोजगार हमीच्या कामात तळं पार उपसलेलं. गुणाची आई साखराबाई त्याच कामावर होती. दोन पाट्या गाळ घरी आणून, भुसा कालवून तिनं भिंत लिंपलेली. भिंत कशी गुळगुळीत! गुणाला मागवंना. गाळ एकदा भिजला तरी समदी अंडी फुटत न्हाईत, काही मागं राहतात, एवढंच पुटपुटली.

"ह्यातून काय निघंल?" साखराबाईनं विचारलं.

"निघाला तर जीव निघंल, माय. खात्री न्हाई," गुणा म्हणाली.

बाईनं खुरपं घेतलं आन् सोताच्या हातानं भिंतीचा कोपरा खरवडून दिला.

शुक्रवारी तो गाळ धुतलेल्या बरण्यांत भिजवला. शनिवार कोरडा गेला. रविवारी मी सुट्टीचं कुलूप काढलं, तवाबी काही न्हाई. सोमवारी सर येऊन उभे राहिले. गुणानं बरणी उजेडाला धरली आन् आरारारा, ठिपकेच ठिपके, गिरक्या घेऊन राहिले होते!

सरांनी भिंग लावलं ते काढीनात. मग सोताची खुर्ची ओढली, गुणाला तिच्यावर बसवलं आन् वही उघडली.

"मोज," म्हणाले, "मी लिहितो."

ती मोजत गेली. सतरापर्यंत आली आन् डोळे पुसायला थांबली. सर पेन धरून, उभ्यानंच, अठराव्याची वाट बघत होते.