अर्धी चावी

सोपानभाऊ कुठल्याही गाडीचं बॉनेट आधी उघडत नसत. ड्रायव्हरच्या सीटवर बसायचे, चावी अर्धीच फिरवायचे आणि इंजिन चालू न करता डॅशबोर्डकडे बघत राहायचे. समोर तांबडे-पिवळे दिवे लागले की बोटानं मोजायचे. "आधी समदे पेटाय पायजेत, मग इजाय पायजेत," असं त्यांचं म्हणणं. "पेटून राह्यला त्यो आजारी. पेटलाच न्हाई त्यो मुका. आजाऱ्याला दवा हाय. मुक्याचं भ्या लय."

बेगडेवाडी स्टेशनजवळ पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. पाटी नव्हती. कुणी घाई केली तर भाऊ मान वर न करता सांगायचे, "फुडं बी दुकान हाय. तितं लवकर बिघडवून देत्यात." लोक हसायचे आणि थांबायचे.

मी वडगाव मावळात जुन्या गाड्या घेतो आणि विकतो. एसटी स्टँडवर दुसऱ्यांच्या काचा पुसत वर आलेला माणूस आहे. घासाघिशीत मला कुणी हरवलेलं नाही आणि चढ्या आवाजात बोलल्याशिवाय माझं काम होत नाही. भाऊ मला 'शेट' म्हणायचे. त्यात आदर किती आणि चिमटा किती, हे मला कधी कळलं नाही.

एकदा लोणावळ्यातल्या एका बंगलेवाल्याकडून मी एक गाडी घेतली. सकाळभर चहावर चहा पीत त्याला इतका खाली आणला, की निघताना त्याचा चेहरा पडला होता. गाडीचा हॉर्न तेवढा बसका होता. तो करून घ्यायला भाऊंकडे गेलो. दुपारी गिऱ्हाईक तिथेच येणार होतं.

भाऊंनी सवयीप्रमाणे चावी अर्धी फिरवली. हँडब्रेक ओढला, सोडला, पुन्हा ओढला.

"शेट, ह्यो मुका हाय."

"कोण?"

"ब्रेकचा दिवा. हँडब्रेक वडला तरी लागत न्हाई."

त्यांनी मीटर खोलून बाहेर काढलं. बाकी सगळे बल्ब जागेवर होते. ब्रेकच्या दिव्याची जागा तेवढी रिकामी. बल्ब उडाला नव्हता, कुणीतरी काढून घेतला होता. बंगलेवाल्याचा पडलेला चेहरा मला आठवला. तो चेहरा नाटकी होता, आणि मी चहा पीत बसलो होतो.

भाऊंनी डब्यातला एक बल्ब बसवला. तो लगेच पेटला. हँडब्रेक पूर्ण खाली सोडला तरी विझेना.

"स्विच अडकला असेल," मी म्हणालो.

"बघू की." त्यांनी हँडब्रेकखालच्या स्विचची वायरच काढली. दिवा तसाच. मग बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची बाटली दाखवली. ऑइल खुणेच्या बरंच खाली गेलं होतं. "ह्यो एकच दिवा दोन कामं करतो, शेट. हँडब्रेक वडला तर सांगतो, आन् ऑइल सरलं तरी सांगतो." मागचं चाक उतरवलं, तर आत ओलं. ब्रेकचं ऑइल तिथून झिरपत होतं.

गिऱ्हाईक यायला अर्धा तासही नव्हता. मी म्हणालो, "भाऊ, चाक चढवा. आणि तो बल्ब काढा."

"बसवलेला म्या काढत नसतो."

"गाडी माझी आहे!"

"व्हय. बल्ब माजा हाय." पण चाक त्यांनी चढवून दिलं.

माझं डोकं फिरलं. मला ज्यानं फसवलं त्याच्यावरचा सगळा राग मी भाऊंवर काढला. ते पान्हे पुसत राहिले. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, अंकुश. वलवणच्या धरणावरच्या वाडीतला पोरगेलासा बाप्या. पाहुण्यांना डोंगरावर फिरवायला त्याला गाडी हवी होती. रंग बघून तो खूश झाला, टायरला लाथ मारून झाली. मी भाऊंकडे बघून डोळे वटारले, की तोंड उघडू नका.

त्यांनी उघडलं नाही. फक्त अंकुशला सीटवर बसवलं आणि म्हणाले, "चावी अर्दी फिरीव. आता हे दिवे वळखून ठेव. हँडब्रेक खाली सोडून गाडी चालू केली की समदे इजाय पायजेत. कर चालू."

अंकुशनं गाडी चालू केली. एकेक दिवा विझला. एक राहिला.

"ह्यो का इजत न्हाई, भाऊ?"

"मालकाला इचार," भाऊ म्हणाले, आणि आपल्या स्टुलावर जाऊन बसले.

अंकुश माझ्याकडे बघू लागला. आयुष्यात मी हजार थापा मारल्यात. तेव्हाही एक जिभेवर आली होती: स्विच जुना आहे, चालायचंच. पण त्याच्या वाडीचा उतार मी पाहिलेला होता. मी म्हणालो, "मागच्या चाकाला ब्रेक ऑइल गळतंय. काम करावं लागेल."

"मग उद्या येतो," म्हणून तो गेला. आमच्या धंद्यात 'उद्या' म्हणजे कधीच नाही. मी भाऊंना म्हणालो, "गिऱ्हाइकासमोर माझी अब्रू काढलीत. पुन्हा तुमची पायरी चढणार नाही."

"पायरी न्हाईच हितं," ते म्हणाले. "काम करून ने."

काम करून घेतलं. आठ दिवसांनी अंकुश आला. इंजिन बघितलं नाही, रंग बघितला नाही. "त्यो दिवा आता इजतो का?" एवढंच विचारलं आणि मी सांगितली त्या किमतीला गाडी घेऊन गेला. एवढ्या सुखासुखी झालेल्या सौद्याची मला सवय नव्हती, रात्रभर चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं. त्याच्यामागून वलवणची चार माणसं आली. आज माझी निम्मी गिऱ्हाइकं त्या बाजूची आहेत, आणि प्रत्येकाला मी आधी सीटवर बसवून अर्धी चावी फिरवायला लावतो. पायरी नसलेल्या त्या दुकानात मी पुन्हा जाऊ लागलो ते सांगायला नकोच.

पण सल गेला नव्हता. गेल्या थंडीत भाऊ दम्यानं अंथरुणाला खिळले. भेटायला गेलो तेव्हा न राहवून विचारलं, "भाऊ, मला बाजूला घेऊन सांगायचं होतंत. नाहीतर तुम्हीच त्याला सांगून टाकायचं. मला का उभं केलंत त्याच्यासमोर? माझ्यावर भरवसा नव्हता?"

त्यांना धाप लागली होती. ती ओसरेपर्यंत थांबले, मग म्हणाले, "भरवसा नसता तर म्याच सांगितलं असतं की, शेट."

पंधरा दिवसांनी ते गेले. मी सौद्यात कुणाला शेवटचा शब्द बोलू देत नाही. हा मात्र भाऊंचाच राहिला.