बऱ्या होणाऱ्या हाताची भीती

मेश्राम मॅडम आज सकाळी गेल्या.

रडू आलं नाही. आधी भीतीच वाटली.

आता पेशंटसमोर बसल्या बसल्या मीच घाबरले, तर फोन कोणाला करू?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मॅडम मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या जुन्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट. अपघात किंवा लकवा झालेल्या माणसाला पुन्हा हातानं जेवता यावं, शर्टाची बटणं लावता यावीत, कामावर जाता यावं, हे आमचं काम. मी त्यांच्या हाताखाली, त्यांच्याच क्लिनिकमध्ये शिकले.

त्या म्हणायच्या, "हात एकटा येत नाही दवाखान्यात. त्याच्यामागं मन येते. त्याले बी खुर्ची दे."

एका पेशंटबद्दल लिहितेय. त्याला विचारूनच. नाव-गाव बदललंय.

सुरेश. लालबर्राकडच्या एका राइस मिलमध्ये कामाला होता. मशीनच्या पट्ट्यात उजवा हात गेला. ऑपरेशन चांगलं झालं. मी त्याला कणीक मळायला द्यायची, दोरीला गाठी मारायला लावायची. बोटं हलायला लागली.

पण बोटं जितकी सुटत गेली, तितका तो वाळत गेला. जेवण तुटलं. कणकेचा गोळा समोर ठेवला की घाम फुटायचा.

आणि मला त्याची भीती वाटायला लागली.

कारण काहीच नाही. साधा, हळू बोलणारा माणूस. पण तो दारातून आत आला की मी नकळत खुर्ची मागे सरकवायचे.

मॅडमना सांगितलं. वाटलं, हसतील.

"ही भीती तुही का त्याची?"

"माझीच ना मॅडम. मलाच वाटते."

"तुले वाटते म्हणून तुहीच असंल असं नाही. त्याले झेपत नाही, म्हणून तुह्याजवळ ठेवून जाते. पळू नको. अन् हात चांगला होऊन राह्यला, तं माणूस काहून भेऊन राह्यला, ते विचार त्याले."

पुढच्या वेळी विचारलं. "भाऊ, हा हात पूर्ण बरा झाला तर काय होईल?"

त्यानं आधी हाताकडे बघितलं. मग म्हणाला,

"मंग तो फिर बटन दाबंल."

आदल्या हंगामात त्याचा धाकटा भाऊ त्याच मशीनमध्ये सापडून मेला होता. आत सफाई करत होता. सुरेशला माहीत नव्हतं. त्यानं मोटर सुरू केली.

याच हातानं.

"माहा हात पट्ट्यात गेला नाही, ताई. म्या टाकला."

मला उठून पळावंसं वाटलं. तो बोटांकडेच बघत ती उघडमीट करत होता.

"हात तं वापस आला. अब क्या डालूँ?"

त्याला एकटं सोडायची हिंमत नव्हती. खुर्चीवरूनच शेजारच्या खोलीतल्या मॅडमना हाक मारली. त्या आल्या, त्याच्या समोर नाही, शेजारी बसल्या. सरळ विचारलं.

"जीव द्याचं मनात येते का?"

"हौ."

मॅडमचा आवाज शांत होता. पण पदराचं टोक बोटाला गुंडाळून गुंडाळून त्यांचं बोट पांढरं पडलं होतं. त्याही घाबरल्या होत्या. ते बघून मी आणखीच घाबरले.

त्याच्या बायकोला बोलावलं. त्याच दिवशी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे मॅडम स्वतः घेऊन गेल्या. गाडीत मी त्याच्या शेजारी. सगळा रस्ता माझी नजर दाराच्या लॉकवर.

नंतर गोळ्या, बोलणं, रडणं. बरेच महिने. मध्ये दोनदा वाटलं, हा आता हातचा गेला.

कणीक मॅडमनी बंदच करायला लावली. भावाचं मासे धरायचं जाळं घरात फाटून पडलं होतं, ते आणायला सांगितलं. सुरेश रोज थोडं विणायचा. विणता विणता भावाबद्दल बोलायचा. कधी शिव्या द्यायचा, कधी हसायचा.

मिलमध्ये तो परत गेला नाही. आता वैनगंगेवर मासे धरतो, बाजारात बसून विकतो. मुलीच्या वेण्या घालतो, असं त्याची बायको सांगत होती.

आज दुपारी मॅडमना निरोप दिला. त्रिशरण म्हणताना मी पुढची ओळच विसरले. त्यांची मुलगी मला धरून उभी होती. खरं तर मी तिला धरायला हवं होतं.

उद्या एक नवीन पेशंट येणार आहे. क्लिनिक उघडीन. भीत भीत, पण उघडीन.

मॅडम, तुम्हाला शेवटचा जय भीम.