राखेची रेघ

वाळत घातलेल्या मोहफुलांचा वास आला की मला पंचावन्न सालचं कुरखेड्याचं अंगण आठवतं. वकिलीच्या परीक्षेसाठी मी तिथं येरझाऱ्या घालत कलमं मराठीत घोकायचो. शेजारच्या सोमीबाईला तो जादूटोणा वाटला. तिनं आपल्या उंबऱ्याबाहेर राखेची रेघ ओढली. शेवटी कुंपणाआडून तिनं विचारलंच, "बाबू, रोज खून, विष म्हणून राह्यला. कोणावर करून राह्यला?"

"कोणावरच नाई, बाई. वकील व्हाचं हाये मले."

"वकील काय करते?"

"ज्याच्यावर खुनाचा आळ आला, त्याले सोडवते."

"अन् त्यानंच मारलं असन तर?"

"तरीबी."

ती आत गेली. दुसऱ्या सकाळी रेघ दुप्पट जाड झालेली पाहून मी पोट धरून हसलो.

जन्मभर वकिली केल्यावर आता वाटतं, बाईनं रेघ बरोबर ओढली होती.